कोरड्या चारीवरचा नारळ

“पाळी कधी आली होती?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“मंगळवारी सुटली,” मी म्हणालो. “पण आमच्यापर्यंत यायला बुधवारची सांज झाली. वरची लोकं मधीच दारं फोडत्यात, त्याला आम्ही तरी काय करणार.”

बाईंचं पेन जागेवर थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. नर्स तोंडावर हात धरून खिडकीकडं वळली. आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेली माझी वैजू, जिच्या तोंडातून सकाळपासून ‘आई गं’शिवाय शब्द निघाला नव्हता, ती खुदकन हसली. हसल्यावर पोटात कळ आली म्हणून रडली. मग रडत रडतच म्हणाली, “आप्पा, ती पाळी न्हाय.”

“मग कुठली?” मी विचारलं.

आता हसायचं तर हसा बापडे. परवा वैजूच्या लेकीनं विचारलं, “आजोबा, तुम्ही म्हणं डॉक्टरांपुढं काय तरी बोलला होता?” तीही आता वैजू तेव्हा होती तेवढी झाली. तिला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

मी शिदू मदने, जन्मभर पाटकरी. म्हणजे कालव्याचं पाणी आपल्या चारीवरच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्यावरच्या, शेतकऱ्यांना पाळीनं वाटून देणारा माणूस. कुणाच्या शेताचं दार कधी उघडायचं, कधी बंद करायचं, कोण चोरून पाणी घेतो, सगळं माझ्या डोक्यात. पाणी आलं की मी बांधावर उभा राहून हाळी द्यायचो, “पाळी आली.” माझा आवाज असा की शेवटच्या टोकाची माणसंसुद्धा फावडी घेऊन आपल्या वाफ्यांकडं पळायची. पहिलं पाणी चारीला लागलं की नारळ फोडायचा, ही आमची रीत. पहिला तुकडा पाण्यात टाकायचा, मग बाकीच्यांनी खायचं.

आणि बायांचं जे असतं, त्याला आमच्याकडं ‘बाहेर बसली’ म्हणायचे, नाहीतर ‘कावळा शिवला’. तेही बाया आपापसात. आम्ही बाप्ये ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. पाळी म्हटली की ती पाण्याची, माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. वैजूची आई इंदू असती तर तिनं हे सगळं निभावलं असतं. पण वैजू लहान असतानाच ती काविळीनं गेली, आणि वेणी घालण्यापासून भाकरी थापण्यापर्यंत आम्ही दोघं बापलेक एकमेकांकडून शिकलो.

डॉक्टरीणबाईंचं आडनाव बागवान. त्या हसल्या नाहीत. “मदने, मी मुलीच्या पाळीचं विचारतेय,” त्या म्हणाल्या. “दर महिन्याला बायकांच्या अंगावरून रक्त जातं ते.”

मला कुठं बघावं कळेना. वैजूनंच उत्तर दिलं. “ती न्हाय आली मला अजून. वर्गातल्या सगळ्यांना आली.”

“आणि पोट कधीपासून दुखतं?”

“सारखं न्हाय दुखत. म्हैन्यातनं एकदा दुखतं, मग थांबतं. मग पुढच्या म्हैन्याला परत.”

“महिन्यातून एकदा,” बाई हळूच म्हणाल्या, आपल्याशीच बोलल्यासारख्या. मग नर्सला म्हणाल्या, “पडदा ओढ.” आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेरच्या बाकड्यांवर सगळ्या बाया. कुणी पोटुशी, कुणाच्या मांडीवर तान्हं. त्यांच्यात मी एकटा बाप्या, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायाला चारीचा चिखल. एका बाईनं सरकून मला जागा दिली.

बसल्या बसल्या मागचं सगळं डोळ्यापुढून गेलं. वर्षभर हे दुखणं चाललं होतं. ओवा झाला, हिंग झाला, पोटावर एरंडाचं पान बांधून झालं. बेंबी सरकली असेल म्हणून खालच्या आळीतल्या म्हातारीकडून बसवून घेतली. दुखणं लगेच थांबायचं, म्हणून आम्हाला वाटायचं गुण आला. पुढच्या महिन्याला पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मग बेंबीखाली गोळा लागायला लागला. वैजू तशी काटकुळी, खो-खोत वाऱ्यासारखी पळणारी. तिच्या अंगावर पोट लपेना. ती ओढणी पुढून पसरून घ्यायला लागली.

माझी थोरली भावजय चंपावहिनी आमच्या शेजारीच राहायची. वैजूला न्हाऊमाखू घालण्यात तिचा हात होता, ते मी कधी नाकारणार नाही. पण तोंडाची फटकळ, आणि दुसऱ्याच्या घरात डोळ्यात तेल घालून बघायची सवय. एक दिवस सकाळी ती दारात येऊन उभी राहिली.

“भावजी, पोरीकडं बघितलं का नीट?”

“पोट दुखतं तिचं.”

“दुखतं कशानं? दिवस गेल्यात तिला.”

मी हातातला तांब्या खाली ठेवला. “वहिनी, पुन्हा हे बोललात तर मी नातं विसरंन.”

“मी गप बसले म्हणून गाव गप बसंल व्हय? माझ्या माहेरी एक बाई हाय, औषध देती. गुपचूप उरकून टाकू. मग माझ्या भाच्याला देऊ. शाळा बास झाली आता.”

ती गेल्यावर मी परड्यात गेलो. वैजू म्हशीला वैरण टाकत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. हातातली पेंढी तशीच धरून उभी होती, खाली टाकायचं भान नव्हतं.

मी म्हणालो, “वैजू, तुला मला काय सांगायचंय का?”

“न्हाय, आप्पा.”

“बरं.”

एवढंच. तिथं विषय संपला. माझी लेक नाही म्हणाली म्हणजे नाही. माझ्या जन्मात मी काय फार मोठं केलं नाही, पण त्या एका ‘बरं’चा मला आजही अभिमान वाटतो.

वहिनीच्या तोंडून गोष्ट गावात गेली होती, आणि गावाला तेवढ्यानं पुरलं नाही. चारीवर सर्जेराव म्हणून एक होता, बोलायला लागला की सगळ्यांना हसवणारा. तो चारचौघांत म्हणाला, “काय शिदू, आजोबा हुणार म्हणं.” मी फावडं घेऊन त्याच्या अंगावर गेलो. लोकांनी मधे पडून धरलं म्हणून वाचला तो.

आणि त्या दिवशी सकाळी वैजूची लघवीच अडली. जाऊन जाऊन आली, थेंब नाही. घामानं चिंब झाली, उभं राहवेना. मी तिला पाठुंगळी घेतली, रस्त्यावर येऊन पहिली वडाप जीप थांबवली आणि थेट फलटणच्या दवाखान्यात आणलं. नर्सनं आधी नळी घालून लघवी काढली तेव्हा कुठं पोरीच्या जिवात जीव आला. पण गोळा होता तिथंच होता. म्हणून बाईंनी तो प्रश्न विचारला होता.

नर्सनं मला आत बोलावलं.

“मदने, आधी एक सांगते,” बागवानबाई म्हणाल्या. “दिवस गेलेले नाहीत. तपासून बघितलं.”

“मी विचारलं न्हवतं,” मी म्हणालो.

 बाईंनी स्वतः उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली. “बसा. माझ्या वडिलांची पेरूची बाग होती, तुमच्याच कालव्यावर. तुम्हाला पाण्याच्याच भाषेत सांगते.”

मी खुर्चीच्या कडेवर टेकलो.

“तुमच्या मुलीला पाळी येतेय. वर्षभर येतेय. कालवा चालू आहे, चारी चांगली आहे. फक्त शेताच्या तोंडाशी दार बसलंय. जन्मतःच. तिथं एक पातळ पडदा असतो, त्याला वाट असायला पाहिजे. हिच्या पडद्याला वाटच नाही. मग दर महिन्याचं रक्त जाणार कुठं? मागं तुंबत गेलं. तो गोळा म्हणजे तेच. आज त्यानं लघवीची नळी दाबली.”

दार बंद आणि वरून पाणी चालूच असलं की काय होतं, ते मला कुणी शिकवायला नको होतं. आधी चारी फुगते. मग बांध पाझरतो. मग कुठंतरी फुटतो. माझी पोर वर्षभर तशी फुगत होती, आणि तशात शाळेत जात होती, पळत होती, म्हशीला वैरण घालत होती, वरून लोकांचं ऐकत होती. 

“फुटंल का ते?” मी विचारलं.

“फुटू द्यायचंच नाही. आपण दार उघडायचं. लहानशी चीर द्यावी लागेल, झोपेचं इंजेक्शन देऊन. तिला काही कळणार नाही.”

“आन् पुढं? लेकरंबाळं?”

“सगळं होईल. वेळेवर आणलंत.”

तेवढ्यात मागच्या जीपनं माझा थोरला भाऊ, दादा, आणि चंपावहिनी येऊन पोचले. बाईंनी त्यांनाही सगळं समजावून सांगितलं. वहिनी आधी सुटल्यासारखी झाली, तिनं देवाला हात जोडले. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला भिंतीकडं घेऊन ती कुजबुजली.

“दिवस न्हाईत ते ब्येस झालं, भावजी. पण तिथं चीर द्यायची म्हंजे काय, कळतंय का तुम्हाला? पोर कोरी ऱ्हाईल का? उद्या पाटावर बसायची पोर ती. सासरच्यांना काय सांगायचं?”

दादा जमिनीकडं बघत होता. “हिचं म्हणणं अगदीच टाकून देण्यासारखं न्हाय, शिदू,” तो म्हणाला. “औषधानं जातंय का बघू आधी.”

बागवानबाईंना ऐकू गेलं. “औषधानं हे उघडत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि उशीर केला तर आतून नासेल, जिवावर बेतेल. मुलगी आज आहे तशीच राहणार, मावशी. सासरच्यांनी विचारलं तर त्यांना माझ्याकडं पाठवा.”

“मी वैजूला विचारतो,” मी म्हणालो.

“तिला काय विचारायचं? पोर हाय ती,” वहिनी म्हणाली.

“पोट तिचं हाय. तिलाच विचारायचं.”

वैजू टक्क जागी होती. आमचं सगळं तिच्या कानावर गेलं होतं. मी खाटेशेजारी उकिडवा बसलो.

“वैजू, बाई म्हणत्यात दार बंद हाय. उघडायला लागंल.”

“आतनं काय येईल?”

“तुझंच. वर्षभराचं.”

 ती माझ्याकडं वळली. “म्हंजे मला येतीय, आप्पा? सगळ्यांसारखी?”

“येतीय की. कधीचीच येतीय.”

तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, पोर आताच बरी झाली. वर्षभर ती मनात काय घेऊन फिरत होती ते मला त्या क्षणी कळलं. दुखण्याचं एक होतं, पण आपण इतर पोरींसारखी नाही, आपल्यात काहीतरी उणं आहे, हे तिला जास्त खात होतं.

“मग उघडा म्हणावं,” ती म्हणाली. “आन् काकूला सांगा, पाटावर मी बसणार हाय, ती न्हाय.”

नर्स हसली. दादासुद्धा हसला, तोंड फिरवून. लेक कुणाची, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. मी नुसता मिशीवरून हात फिरवला.

आत फार वेळ लागला नाही. नर्स बाहेर येऊन म्हणाली, लई साठलं होतं, काळं, डांबरासारखं. वैजूला बाहेर आणलं तेव्हा ती गाढ झोपलेली होती आणि चादरीखाली तिचं पोट पूर्वीसारखं सपाट होतं. चंपावहिनीनं हळूच त्यावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि तिथंच खाली बसून रडायला लागली. “एवढं घेऊन फिरत होतीस व्हय गं, बाय माझी,” असं काहीबाही बोलत राहिली. तिला कुणी उठवलं नाही. मीही नाही.

निघताना बागवानबाई म्हणाल्या, “महिन्याभरात पाळी आपसूक आली, न दुखता आली, की समजायचं दार नीट उघडलं. नाही आली तर परत घेऊन या.”

आम्ही गावात आलो आणि नवंच सुरू झालं. पोट घेऊन गेली आणि सपाट होऊन आली म्हणजे काय, हे गावानं आपल्या मनानं ठरवून टाकलं. वहिनीनं आधी पेटवलेलं आता तिच्याच्यानं विझेना. ती पाणवठ्यावर बायांशी भांडून यायची, पण बाया म्हणायच्या, घरचं माणूस झाकणारच. शाळेत खो-खोच्या रांगेत वैजूच्या शेजारी बसायला पोरी कां-कू करायला लागल्या. तिच्या सरांनी दटावलं तेव्हा बसल्या, पण अंग चोरून.

वैजू घरी येऊन काही सांगायची नाही. एकदा फक्त म्हणाली, “आप्पा, आली न्हाय तर?”

“यील की. चारी नवी असली की पहिलं पाणी जरा वेळ घेतं.”

“तुमचं आपलं कायबी.”

मी हसलो खरा, पण मलाही धास्ती होती. गावाला खरं सांगायचं तर तो शब्द तोंडातून काढायला हवा होता. रोज ज्या शब्दावर माझं पोट भरायचं, तोच लेकीसाठी मला उच्चारता येईना.

मग उन्हाळ्याच्या पाळीची वेळ आली. ऊस पिवळा पडायला लागला होता आणि सगळ्यांचे डोळे कालव्याकडं लागले होते. पाणी वरून सुटल्याचा निरोप होता. आता येईल, मग येईल, म्हणून सगळे चारीच्या दाराशी बाभळीखाली बसून होते, फावडी आडवी टाकून. नारळ माझ्या पिशवीत. सर्जेराव तंबाखू मळत म्हणाला, “शिदू, तुमच्या घरी आता सगळं मोकळंचाकळं झालं म्हणायचं.” दोघंतिघं खाली बघून हसले. मी उठायच्या बेतात होतो.

तेवढ्यात वरच्या अंगानं, घराकडच्या बांधावरून हाळी आली.

“पाळी आलीऽ.”

माझीच हाळी, तशीच लांबवलेली, पण आवाज पोरीचा. वैजू बांधावरून पळत येत होती, दोन्ही हात तोंडाशी धरून. “आप्पा, पाळी आलीऽ.”

मग काय. सगळे उठले. फावडी उचलली, धोतरं खोचली आणि आपापल्या वाफ्यांकडं धूम ठोकली. सर्जेराव सगळ्यांच्या पुढं, एक चप्पल बाभळीखालीच राहिली त्याची. सवयीनं माझाही हात फावड्याकडं गेला. मग वैजूचं तोंड मला दिसलं, आणि हात तिथंच राहिला.

थोड्या वेळानं एकेक जण परत आला. चारीत थेंब नव्हता, नुसत्या भेगा.

“कुठाय रं पाणी?” सर्जेराव धापा टाकत म्हणाला. “पोरगी चेष्टा करती का काय?”

“पाण्याची न्हाय,” मी म्हणालो. “माझ्या लेकीची पाळी आली.”

 वैजू बांधावर उभी होती, दम खात. तिनं मान खाली घातली नाही.

मग मी हाळी द्यायच्या आवाजात बोललो, शेवटच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. “वर्षभर येत होती, पण जन्मापासनं दार बंद होतं. रगत पोटात तुंबलं होतं. तेच तुम्हाला पोर दिसत होतं. फलटणच्या डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. आज पहिल्यांदा सरळ वाटंनं आली. कुणाला काय विचारायचं असंल तर आत्ता विचारा, मी हितंच उभा हाय.”

 एक म्हातारा बाभळीला टेकून उभा होता, तो म्हणाला, “दुखलं न्हाय ना गं पोरी?”

“न्हाय, बाबा,” वैजू म्हणाली.

मी पिशवीतून नारळ काढला आणि कोरड्या चारीच्या दाराशी दगडावर फोडला. नारळाचं पाणी भेगांत मुरून गेलं. पहिला तुकडा पाण्याचा असतो. तो मी वैजूच्या हातावर ठेवला.

मग एकेकानं हात पुढं केला. सर्जेराव सगळ्यांच्या मागं होता, एका पायात चप्पल, एक पाय उघडा. मी त्याच्यापुढं तुकडा धरला. त्यानं घेतला, खाल्ला, आणि खालीच बघत म्हणाला, “पाणी कधी यायचं मग, शिदू?”

“यील की मागनं,” मी म्हणालो. “आज पहिला मान हिचा.”